पांचव्या पिढीची वेगळी चूल

मोबाइलच्या पडद्याच्या कोपऱ्यांत ‘फाइव्ह जी’ हीं अक्षरें उमटलीं कीं आपलें समाधान होतें. परंतु शेजारच्या घरांतही तींच अक्षरें उमटलीं, म्हणून दोन्ही घरांमागील जाळीं एकाच घडणीचीं असतीलच असें नाहीं. १ ऑक्टोबर २०२२ रोजीं दिल्ली येथें पांचव्या पिढीच्या सेवेचें उद्घाटन झालें. त्याच दिवशीं एअरटेल कंपनीनें आठ शहरांत आपली सेवा सुरू केली. त्यांत मुंबई व नागपूर हीं शहरें होतीं. चार दिवसांनीं, दसऱ्याच्या मुहूर्तावर, जिओ कंपनीनें मुंबईसह चार शहरांत निवडक ग्राहकांसाठीं आरंभ केला. पहिलीनें पांचवी पिढी चौथ्या पिढीच्या घरांत नांदावयास आणली. दुसरीनें तिला पहिल्या दिवसापासून वेगळी चूल मांडून दिली. ह्या वेगळ्या चुलीपासून सेवा पुरविणाऱ्या कंपनीला नेमकें काय लाभतें, तें आज पाहावयाचें आहे.

मोबाइलच्या जाळ्याचे ढोबळमानानें दोन भाग असतात. एक आपल्याला दिसतो; तो म्हणजे गच्चीवरचे आणि रस्त्याकडेचे टॉवर. दुसरा दिसत नाहीं, त्याला आपण गाभा म्हणूं. ग्राहक कोण, त्याचें खातें चालू आहे कीं नाहीं, ह्या क्षणीं तो कोणत्या टॉवरच्या छायेंत आहे, त्याचा मजकूर कोणत्या वाटेनें धाडावयाचा, हा सारा निवाडा गाभ्यांत होतो. एकत्र कुटुंबाच्या पद्धतींत टॉवरवर पांचव्या पिढीचीं यंत्रें बसतात, पण गाभा चौथ्या पिढीचाच राहतो. आपला फोन प्रथम चौथ्या पिढीचें दार ठोठावतो. तेथून हुकूम झाला म्हणजे मग नव्या लहरींवरून माल येऊं लागतो. स्वतंत्र पद्धतींत टॉवरही नवे आणि गाभाही नवा. जागतिक मानकें ठरविणाऱ्या थ्रीजीपीपी ह्या संघटनेनें एकत्र पद्धतीचा आराखडा डिसेंबर २०१७ मध्यें व स्वतंत्र पद्धतीचा जून २०१८ मध्यें पुरा केला. पहिला मार्ग लवकर सिद्ध झाला, त्यास खर्चही कमी, आणि आरंभीं बाजारांतील अधिक फोन त्यावर चालत. म्हणून जगांतील बहुतेक कंपन्यांनीं तोच धरला. त्याला नाक मुरडण्याचें कारण नाहीं. वेगाचा अनुभव ग्राहकाला त्यांतही मिळतोच.

मग स्वतंत्र गाभ्याचा खटाटोप कशाला? त्याचें पहिलें उत्तर अमेरिकेंत मिळालें. तेथील टी-मोबाइल कंपनीजवळ ६०० मेगाहर्ट्झच्या लहरी होत्या. कंपनसंख्या कमी असलेल्या ह्या लहरी दूर पोहोंचतात व भिंतींतून आंत शिरतात. (रेडिओच्या लघुलहरी आकाशांतून परावर्तित होऊन परदेशीं पोहोंचतात, तो प्रकार निराळा, त्याची येथें गल्लत करूं नये.) परंतु एकत्र पद्धतींत फोनला चौथ्या पिढीचा संकेत ऐकूं आल्यावांचून पांचवीचा उपयोग नाहीं, आणि त्या कंपनीचा हा संकेत मधल्या पट्ट्यांतील, म्हणजे कमी पल्ल्याचा होता. त्याची हद्द जेथें संपे, तेथून पुढें गेलेल्या दीर्घ पल्ल्याच्या लहरी अक्षरशः वायां जात. ४ ऑगस्ट २०२० रोजीं कंपनीनें स्वतंत्र गाभा देशभर सुरू केला. आपल्या पांचव्या पिढीचें क्षेत्र त्यायोगें तीस टक्क्यांनीं वाढलें, असें तिनें जाहीर केलें. लहरी त्याच, जुन्या घराच्या परवानगीची अट तेवढी गेली. लिलावांत कोट्यवधि डॉलर मोजून घेतलेली वस्तु पुरेपूर वापरतां येणें, हा व्यापाऱ्याच्या दृष्टीनें लहान लाभ नव्हे.

आपल्याकडे हाच हिशेब फार मोठ्या रकमेचा होता. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा सरकारनें २०१६ सालीं लिलावांत काढला, तेव्हां कोणी घेतला नाहीं. २०२१ मध्यें पुन्हा काढला, तेव्हांही तो पडून राहिला. २०२२ च्या लिलावांत जिओनें एकट्यानें तो देशभरासाठीं घेतला आणि त्यापायीं ३९,२७० कोटि रुपये देण्याचें पत्करलें. एअरटेलनें तिकडे पाठ फिरविली. आपल्या जुन्या लहरी व चौथ्या पिढीचें जाळें हाताशीं असतां हा बोजा कशाला, असें त्या कंपनीचें म्हणणें होतें, आणि तें तर्काला सोडून नव्हतें. जिओची स्थिति मात्र वेगळी. २०१६ च्या सप्टेंबरांत ती बाजारांत उतरली तीच चौथी पिढी घेऊन. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा वारसा तिला नव्हताच. ज्याच्या घरांत अडगळ नाहीं, त्याला नवें घर बांधणें सोपें जातें. तथापि हा डाव होता, आणि डाव म्हणूनच त्याकडे पाहिलें पाहिजे.

दुसरा लाभ फोनच्या बाजूचा आहे. एकत्र पद्धतींत फोनला एकाच वेळीं दोन पिढ्यांशीं संधान राखावें लागतें. फोनची बोलण्याची शक्ति सामान्यतः एक-पंचमांश वॅट. ती दोघांत वांटली गेली, म्हणजे आपल्याकडून वर जाणारा मजकूर, विशेषतः टॉवरपासून दूर असतां, मंदावतो, आणि बॅटरीवरही भार पडतो. स्वतंत्र पद्धतींत एकाशींच बोलावयाचें. विलंबही घटतो, टी-मोबाइलनें आपल्या चाचण्यांत तो चाळीस टक्क्यांपर्यंत घटल्याचें सांगितलें होतें. ह्याशिवाय ग्राहकाची कायमची ओळखसंख्या नव्या गाभ्याकडे सांकेतिक रूपांत धाडण्याची सोय आहे. ती वाटेंत चोरून ऐकणाऱ्याच्या हातीं सहज लागत नाहीं.

परंतु खरा लाभ ह्यापुढेंच आहे. नवा गाभा म्हणजे एखादें अवजड यंत्र नव्हे. साध्या संगणकांवर चालणाऱ्या अनेक लहान लहान आज्ञावलींचा तो मेळ आहे. गरज वाढेल तसा त्यांतील एखादाच भाग वाढवितां येतो. माल बाहेर पडण्याचा दरवाजा एखाद्या बंदराजवळ किंवा कारखान्याच्या आवारांतच ठेवतां येतो. चौथ्या पिढींतही हें कांहीं अंशीं साधत असे, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. जें तेथें जवळजवळ साधत नव्हतें, तें म्हणजे जाळ्याचे काप करणें: एकाच टॉवरांवर व एकाच लहरींवर अनेक निरनिराळीं जाळीं नांदविणें, आणि प्रत्येकास आपापला वांटा व आपापले नियम देणें.

ह्याचें एक उदाहरण आम्हां ध्वनिक्षेपणाशीं संबंध असणाऱ्यांना विशेष भावतें. ६ मे २०२३ रोजीं लंडनांत राजे तिसरे चार्ल्स ह्यांचा राज्याभिषेक झाला. रस्त्यांवर अपार गर्दी, आणि प्रत्येकाच्या हातांत चित्रें धाडणारा फोन. अशा वेळीं साधा मोबाइल हात टेकतो. व्होडाफोन कंपनीनें आपल्या स्वतंत्र जाळ्याचा एक काप आयटीएन ह्या वृत्तसंस्थेसाठीं राखून ठेवला, आणि गर्दीच्या फोनांशीं झोंबाझोंबी न करितां तिच्या कॅमेऱ्याचीं चित्रें गेलीं. कंपनीनें येथें नुसता मजकूर वाहिला नाहीं. तिनें खात्री पुरविली. आणि खात्रीला मोल येतें.

आपल्याकडे हा प्रकार घरगुती वाटेनें आला. १९ सप्टेंबर २०२३ रोजीं, गणेश चतुर्थीस, जिओनें तारेवांचून घरांत इंटरनेट देणारी एअरफायबर सेवा मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू केली. रात्रीं जेवणानंतर घरोघर चित्रपट लागतात, त्या वेळीं हा प्रचंड बोजा टॉवरवर पडून रस्त्यावरच्या ग्राहकाचा फोन गुदमरूं नये, म्हणून घरगुती वापरासाठीं निराळा काप ठेवणें स्वतंत्र जाळ्यास शक्य होतें. पुढें एअरटेलनेंही घरगुती बिनतारी जोडणीसाठीं स्वतंत्र पद्धतीकडे पाऊल टाकलें. आरंभींचा तिचा हिशेब चुकला, असा ह्यावरून निष्कर्ष काढूं नये. घरगुती गिऱ्हाईक आलें, म्हणून गणित बदललें.

येथें एक शंका मनांत येते, आणि ती मला रास्त वाटते. पैसेवाल्यास राखीव वाट दिली, तर उरलेल्यांनीं कोणत्या वाटेनें जावें? टॉवरच्या लहरी मोजक्याच. कोणास जास्त म्हणजे कोणास तरी कमी. मजकुराच्या प्रकारावरून निरनिराळा दर आकारण्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणानें फेब्रुवारी २०१६ मध्यें मनाई केली, आणि जुलै २०१८ मध्यें सरकारनें इंटरनेटवरील समान वागणुकीचें तत्त्व मान्य केलें. परंतु त्यांत विशेष सेवांस सवलतही ठेवली. शस्त्रक्रियेस साह्य करणारें यंत्र विशेष सेवा होय, ह्याविषयीं वाद होणार नाहीं. अधिक पैसे भरून खेळ खेळणाऱ्या तरुणाचा काप विशेष मानावा काय? कंपन्यांना ज्यांत मिळकत दिसते, नेमका तोच हा प्रदेश आहे. नियमाची रेषा कोठें पडते, ह्यावर स्वतंत्र जाळ्याचा नफा बराचसा अवलंबून राहील, असें मला वाटतें.

खर्चाची बाजूही विसरतां येत नाहीं. नवा गाभा उभारला तरी जुने फोन वापरणारांसाठीं जुना गाभा चालूच ठेवावा लागतो, म्हणजे कांहीं वर्षें दोन्ही चुलींचें सरपण कंपनीलाच. बोलण्याचीही अशीच अडचण. नव्या लहरींवरून आवाज नेण्याची व्यवस्था जाळ्यांत व फोनांत दोहोंकडे सिद्ध असावी लागते. ती नसेल, तर स्वतंत्र जाळ्यावरील फोनही घंटा वाजतांच गुपचूप चौथ्या पिढीकडे उतरतो आणि बोलणें संपल्यावर परत वर येतो. पुढच्या वेळीं आपला फोन वाजेल, तेव्हां पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहावें. तेथील पांचाचा आंकडा चार झाला, तर हें एक कारण असूं शकेल.