जंतूच्याच दारातून आत

मुलांनो, ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांनी केवडा पाहिलाच असेल. अहो, वासाचा केवडा नाही! उसाची कोवळी पानं पिवळी पडतात, मग पांढुरकी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, त्याला आपल्याकडं ‘केवडा पडला’ म्हणतात. माजलगाव, गेवराईकडच्या चुनखडीच्या रानात तो हमखास दिसतो. मागच्या वर्षी आमची चौथी शिवारफेरीला गेली, तेव्हा एका शेतात काका हिराकस फवारत होते. मी सांगितलं, “हिराकस म्हणजे लोहाचं औषध.” लगेच एकानं विचारलं, “बाई, म्हंजे उसाला बी आपल्यासारख्या लोहाच्या गोळ्या लागतात का?”

लागतात की! आणि गंमत अशी, की त्या काळ्या मातीत लोह भरपूर असतं. पण ते गंजाच्या रूपात असतं, पाण्यात विरघळत नाही. चुनखडीच्या जमिनीत तर अजिबातच नाही. घरात ज्वारीची पोती आहेत, पण कोठीला कुलूप आहे, तशी उसाची गत होते.

आता ही कुलपाची गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याला तिथूनच एका औषधापर्यंत जायचं आहे.

तुमच्या-आमच्या शरीरातही कुलूपबंद लोह असतं. मोठ्या माणसाच्या अंगात ते सगळं मिळून 3 ते 4 ग्रॅम, म्हणजे एखाद्या खिळ्याएवढं. त्यातलं बरंचसं रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये. उरलेलं प्रथिनांच्या डब्यांत बंद. रक्तातून लोह इकडून तिकडं न्यायचं, तरी ते ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाच्या मुठीतच जातं. मोकळं लोह जवळजवळ नाहीच. एवढा बंदोबस्त कशाला? एक कारण म्हणजे जंतू. जंतूंनाही वाढायला लोह लागतं. ताप आला, की शरीर कुलपं आणखी घट्ट करतं. आपलं यकृत हेप्सिडिन नावाचा निरोप्या पाठवतं आणि आतड्यातून रक्तात येणारं लोह कमी करून टाकतं.

(इथं एका मुलीनं मला अडवलं होतं. “मग शाळेतल्या लोहाच्या गोळ्यांनी जंतूच पोसतात का?” नाही गं बाई! अंगात रक्त कमी असेल तर ती गोळी लागतेच. अंगात ताप असला, तर मात्र गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारायचं.)

पण जंतू काय गप्प बसतात? विहिरीत पोहरा पडला, की दोरीला गळ बांधून सोडतात, आठवतं ना? चारी बाजूंनी आकडे असलेला लोखंडी गळ. जंतू अगदी तसेच गळ बनवून बाहेर सोडतात. फक्त हे गळ इतके बारीक, की सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. शास्त्रज्ञ त्यांना सायडरोफोर म्हणतात, म्हणजे ग्रीक भाषेत ‘लोह वाहणारा’. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जंतूचा गळ 1970 मध्ये सापडला, त्याचं नाव एंटरोबॅक्टिन. त्याला तीन बोटं असतात. लोहाचा एक अणू तो सहा ठिकाणी आवळतो आणि ट्रान्सफेरिनच्या मुठीतूनही हिसकावून घेतो! मग लोहासकट गळ जंतूकडं परततो. त्याच्या आकाराचं खास दार जंतूच्या अंगावर असतं. ते उघडतं आणि माल आत.

हे गळ फक्त रोगजंतूंचेच असतात असं नाही, बरं का. मातीतले काही चांगले जिवाणूही ते सोडतात. मुळांजवळचं लोह ते आधीच पळवतात आणि पिकाला रोग आणणाऱ्या बुरशीला उपाशी ठेवतात. आपल्या महाराष्ट्रात जळगावच्या विद्यापीठात प्राध्यापक एस. बी. चिंचोलकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यावर पुष्कळ काम केलं. 2007 मध्ये अजित वर्मा आणि चिंचोलकर यांनी मिळून संपादित केलेला या विषयावरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ जगभर गेला. जळगावच्या मातीतलं काम जगाच्या वाचनालयांत!

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई तापानं फणफणल्या. दवाखान्यात भरती केलं. लघवी तपासायला गेली आणि तिसऱ्या दिवशी कागद हातात आला. त्यावर औषधांची लांबलचक यादी, प्रत्येकापुढं एक अक्षर. ‘एस’ म्हणजे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे जंतू त्याला जुमानत नाही. मी बोट ठेवत वाचत गेले. आर, आर, आर, आर... पानभर आर! फक्त दोन औषधांपुढं एस होता. वर्गात मुलांचे निकाल वाचताना माझं बोट कधी थरथरलं नाही, तेव्हा थरथरलं. त्या दोनपैकी एका इंजेक्शननं त्या अकरा दिवसांनी घरी आल्या. पण हेही खरं, की आधी वर्षानुवर्षं आम्हीच त्यांना जरा अंग तापलं की मेडिकलमधून दोन गोळ्या आणून देत होतो, आणि बरं वाटलं की तिसरी घेत नव्हतो.

असे निगरगट्ट जंतू करतात तरी काय? त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना दुहेरी तटबंदी असते. बाहेरच्या तटाला बारीक भोकं असतात, औषध तिथून शिरतं. जंतू ती भोकं कमी करतो, आत आलेलं औषध पंपानं उपसावं तसं बाहेर फेकतो, नाहीतर विकरांनी त्याचे तुकडे करतो.

मग आत शिरायचं कसं? तुम्हाला लाल महालाची गोष्ट ठाऊक आहे. 1663 च्या एप्रिलमध्ये शिवाजी महाराज शायिस्तेखानावर चालून गेले, तेव्हा मावळे लग्नाच्या वरातीच्या निमित्तानं पुण्यात शिरले असं सांगतात. पहारेकऱ्यांनी स्वतःच वाट दिली! शास्त्रज्ञांनी हीच युक्ती केली. त्यांनी औषधालाच गळ जोडला. जंतूला वाटतं, लोह आलं. दार उघडतो, आणि वरातीतून मावळे आत! (परदेशी लोक याला ग्रीकांच्या लाकडी घोड्याचं नाव देतात. मला आपली वरात बरी वाटते.)

खरं सांगायचं तर ही युक्ती माणसाच्या आधी निसर्गानंच केली. 1947 मध्ये वाक्समन यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत मातीतल्या एका जिवाणूपासून ग्रायसिन नावाचं प्रतिजैविक मिळालं. पुढं रशियात गाउझे यांना अल्बोमायसिन मिळालं. दोन्हींत लोह धरणारा गळ आणि त्याला बांधलेलं विष! एक जिवाणू दुसऱ्याला असा फसवत आला होता.

माणसानं तसं औषध बनवायला मात्र फार वर्षं लागली. काही औषधं प्रयोगशाळेतल्या बशीत झकास चालली, पण उंदरांच्या अंगात फसली. शेवटी जपानच्या शिओनोगी कंपनीचं सेफिडेरोकॉल यशस्वी झालं. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. ते शिरेतून देतात, एका वेळी तीन तास थेंब थेंब. रक्तात ते लोह धरतं, जंतूच्या दारातून आत जातं आणि दोन तटांच्या मधल्या जागेत पोचतं. तिथं भिंत बांधणाऱ्या गवंड्यांचे हात धरतं. भिंत अपुरी राहते आणि जंतू फुटतो!

सगळं गोड नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ॲसिनेटोबॅक्टर जंतूनं गाठलेल्या रुग्णांत, हे औषध घेणाऱ्यांचे मृत्यू इतर औषधं घेणाऱ्यांपेक्षा जास्त दिसले. म्हणून डॉक्टर ते जपून, बाकीचे उपाय थकले की वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेनंही ते राखीव औषधांत ठेवलं आहे. आणि ते महागही आहे. गरीब देशांत पोचावं म्हणून शिओनोगीनं 2022 मध्ये एका ना-नफा संस्थेशी करार केला, आणि पुढं त्या संस्थेनं ते बनवायला आपल्या चेन्नईची ऑर्किड फार्मा निवडली.

हे सगळं मी वर्गात फळ्यावर काढून दाखवलं. तट, भोकं, दार, गळ. सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात होते. तेवढ्यात तोच उसाच्या गोळ्यांवाला उठला. “बाई, जंतूनं ते दारच बंद केलं तर?”

खडू हातात तसाच राहिला. कारण असं होतं! दार बंद केलं तर जंतूला लोह कमी पडतं खरं, पण त्याच्याकडं वेगवेगळ्या गळांसाठी वेगवेगळी दारं असतात. एक लावून घेतलं तरी दुसऱ्यावर तो भागवतो. असे दारं बिघडवलेले जंतू रुग्णांमध्ये सापडलेसुद्धा आहेत. त्याला मी हेच सांगितलं. तो फळ्याकडं बघत म्हणाला, “मग सगळ्या दारातून जाईल असा गळ करायचा.” आणि खाली बसून वहीत काहीतरी गिरवायला लागला.