बोबडे बोल आणि वाग्विकाराची पूर्वचिन्हे

बोबडे बोल हा वात्सल्यकाव्याचा आवडता विषय. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्यांत एक प्रश्न दडलेला दिसतो : हा बोबडेपणा भाषासंपादनाची स्वाभाविक पायरी आहे, की वाग्विकाराचे पूर्वचिन्ह ?

दोन वर्षांचे मूल ‘राजा’ला ‘लाजा’ आणि ‘काका’ला ‘ताता’ म्हणते, तेव्हा त्या उच्चारांत नियमितता असते. अवघड ध्वनींच्या जागी ते सोपे ध्वनी योजते. वयानुसार हे बदल मावळतात. चिंतेची चिन्हे याहून निराळी होत. 12 महिन्यांपर्यंत बडबड अथवा बोटाने दाखविणे नसणे, 18 महिन्यांपर्यंत एकही सार्थ शब्द नसणे, 2 वर्षांपर्यंत ‘बाबा आले’ यासारखी स्वयंस्फूर्त द्विशब्दरचना न आढळणे, 3 वर्षांनंतरही परक्यास बोलणे बहुतांशी न समजणे, ही त्यांपैकी प्रमुख. अवगत झालेले शब्द लोपणे हे तर कोणत्याही वयात गंभीर लक्षण मानावे लागते.

पुष्कळदा मूळ कारण श्रवणदोष असते. जन्मतः बधिर असलेले अर्भकही आरंभी हुंकार देते. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. पुढे ‘बाबाबा’सारखी अक्षरावृत्ती रेंगाळते, आणि ‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीत मोलाचा काळ निघून जातो. म्हणून भाषाविलंब दिसताच प्रथम श्रवणपरीक्षा करणे इष्ट.

बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांत आणखी एक गैरसमज आढळतो. दोन भाषा कानी पडल्याने मूल मागे पडते, असे मानून घरातील मराठी बंद केली जाते. वस्तुतः द्वैभाषिकता हे विकाराचे कारण नव्हे. अशा मुलाची शब्दसंपदा दोन्ही भाषा मिळून मोजावयास हवी. खरा भाषाविकार असल्यास तो दोन्ही भाषांत प्रकटतो. एका भाषेपुरते अडखळणे हे बहुधा अल्पपरिचयाचे द्योतक असते. मायबोली तोडल्याने विकार तर हटत नाहीच; आजीआजोबांशी असलेला संवाद मात्र तुटतो.

म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था (1965) आणि मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (1983) यांमुळे परीक्षणाची व उपचारांची सोय झाली. 2016 च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने वाक् व भाषा दिव्यांगत्वास स्वतंत्र स्थान दिले. तथापि, तज्ज्ञापर्यंत मूल पोहोचते ते घरातील कोणी त्याचे बोल आणि त्याचे मौन, दोन्ही लक्षपूर्वक ऐकले तरच.