आधी जुना ब्रेड मेकर उलटा करून पाहा

ब्रेड मेकर सहसा एका झटक्यात बंद पडत नाही. आधी पावाच्या तळाला काळपट डाग दिसू लागतात, मग मळताना किरकिर ऐकू येते. कधी पाव मधोमध खचतो, तर कधी मोटार नुसती घुमते आणि पातं जागचं हलत नाही. घरची माणसं काही महिने तसंच चालवून घेतात आणि एक दिवस ठरतं, की आता नवाच घ्यायचा. शोध सुरू झाला की समोर येतात ते प्रोग्रॅमचे आकडे: पंधरा, एकोणीस, पंचवीस. त्यात जॅम आहे, केक आहे, दहीसुद्धा आहे. माझं म्हणणं असं, की हे आकडे बाजूला ठेवावेत. नवा ब्रेड मेकर निवडायला लागणारी बहुतेक माहिती ओट्यावरच्या जुन्या यंत्रात साठलेली असते. त्याचा कोणता भाग झिजला आणि का झिजला, हे कळलं की त्या घराला कसं यंत्र हवं तेही कळतं.

आतून पाहिलं तर हे यंत्र साधं असतं. एक मोटार, तिच्याकडून फिरणं पुढे नेणारा रबरी दातेरी पट्टा, पावाचं भांडं, भांड्याच्या तळातून वर येणारा दांडा आणि त्यावर बसणारं पातं, भांड्याभोवती तापणारी नळी, तापमान मोजणारा छोटा सेन्सर आणि हे सगळं वेळेवर चालू-बंद करणारा सर्किट बोर्ड. यातला सर्वांत जास्त सोसणारा भाग म्हणजे भांड्याचा तळ. दांडा जिथून आत शिरतो तिथे सील आणि बुश असतात. मिक्सरच्या जारमध्ये असतात तसेच, फक्त यांना भट्टीची उष्णताही सोसावी लागते. धुताना भांडं पाण्यात बुडवून ठेवलं की पाणी सीलच्या आत जातं, बुश गंजतो, आणि मग तळाचे काळे डाग व किरकिर सुरू होते. भांडं रिकामं करून त्यात पाणी ओतावं, कोरड्या कागदावर ठेवावं आणि तासाभराने पाहावं. कागद ओला झाला तर सील गेलं. मोटारीचा आवाज येतो पण पातं फिरत नाही, तेव्हा बहुधा पट्टा घसरत असतो किंवा तुटलेला असतो. पाव वरून ठीक आणि आत कच्चा राहत असेल, तर संशय सेन्सरवर किंवा तापणाऱ्या नळीवर घ्यावा. भांड्याचा नॉनस्टिक थर उडाला असेल, तर बाकी यंत्र धडधाकट असू शकतं. म्हणजे ‘ब्रेड मेकर गेला’ असं आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा गेलेलं असतं ते भांडं. या तपासणीसाठी यंत्राचा प्लग काढलेला हवा. पट्टा पाहण्यासाठी तळाचं झाकण उघडायचं असेल, तर ते काम मिक्सर दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावं.

भांडं आणि मळणी हाच या यंत्राचा जीव आहे, हे त्याच्या जन्मकथेवरूनही दिसतं. ओसाकाची मात्सुशिता इलेक्ट्रिक ही कंपनी १९८५च्या सुमाराला घरगुती पावयंत्र बनवायच्या खटपटीत होती. पावाची साल करपायची आणि आतला गर कच्चा राहायचा. यंत्राने मळलेली कणीक आणि कसबी बेकरने मळलेली कणीक यांची क्ष-किरण चित्रंही ताडून पाहिली गेली, पण उलगडा होईना. मग इकुको तानाका या सॉफ्टवेअर विभागातल्या बाईंनी ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला जायचं सुचवलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की तो बेकर कणीक नुसती मळत नाही, विशिष्ट तऱ्हेने ताणतो. तो ताण यंत्रात आणायला अभियंत्यांबरोबर वर्षभराची खटपट लागली आणि त्यातून यंत्राच्या आत खास उंचवटे आले. १९८७ साली ते यंत्र बाजारात आलं. अडलं होतं ते कणकेला मिळणाऱ्या ताणापाशी. आजही दोन ब्रेड मेकरमधला खरा फरक तिथेच आहे.

आपल्याकडे हा फरक अधिकच जाणवतो, कारण आपल्या पिठाचा भार जास्त असतो. अमेरिकेत ब्रेडसाठी विकल्या जाणाऱ्या मैद्यात प्रथिनं साधारण १२ ते १३ टक्के असतात, आपल्या बाजारातला मैदा बहुधा त्याहून कमी भरतो. आपल्या घरांत तर पाव गव्हाच्या पिठाचाच करायची हौस असते. चक्कीवर दळताना पिठातल्या स्टार्चचे कण जास्त फुटतात, त्यामुळे ते पीठ पाणी खूप पितं, आणि कोंड्याचे कण ग्लूटेनची जाळी तोडत राहतात. पाणी कमी पडलं की गोळा घट्ट होतो आणि सगळा जोर पट्ट्यावर व बुशवर येतो. जुन्या यंत्राचा पट्टा लवकर झिजला असेल, तर त्या घरात गव्हाचा घट्ट गोळा वरचेवर मळला जातो असं धरायला हरकत नाही. अशा घराने मजबूत मोटार, जाड दांडा आणि मळण्याआधी पीठ भिजू देणारा गव्हाच्या पावाचा लांब प्रोग्रॅम पाहावा. पंचविसावा प्रोग्रॅम तिथे काही कामाचा नाही.

भांड्याचं मापही असंच वापरावरून ठरवावं. जपानी यंत्रं बहुधा एका ‘किन’च्या पावासाठी असतात. तिथल्या नियमानुसार तो किमान ३४० ग्रॅमचा असावा लागतो. पाश्चात्त्य बाजारातली भांडी ७०० ते ९०० ग्रॅमच्या पावाची. मोठं घेतलं की लहानही होईल, असा हिशेब लोक करतात, पण आडव्या मोठ्या भांड्यात थोडी कणीक टाकली की ती एका कोपऱ्यात बसते, पात्याला सापडत नाही आणि पाव बसका होतो. दोघांच्या घराला लहान उभं भांडं बरं.

उष्णतेचा मुद्दा या यंत्रांच्या माहितीपत्रकांत क्वचितच येतो, म्हणून इथे थोडं थांबतो. घरगुती ब्रेड मेकर कणीक कोमट करू शकतो, गार करू शकत नाही. यीस्टच्या पावाची कणीक २४ ते २७ अंशांना चांगली फुगते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात स्वयंपाकघरच पस्तिशीच्या पुढे असतं, त्यात मळण्याच्या घर्षणाची भर. कणीक ठरल्या वेळेच्या आधीच फुगून जाते, यंत्र मात्र घड्याळाप्रमाणे थांबून राहतं आणि भाजायची वेळ येईपर्यंत पाव खचतो. जुन्या यंत्रातला पाव फक्त उन्हाळ्यात खचत असेल, तर दोष यंत्राचा नव्हताच. बर्फाचं पाणी आणि थोडं कमी यीस्ट यांनी बरंच सावरतं. पण नवं घ्यायचंच असेल, तर मळणं, फुगणं आणि भाजणं यांची मिनिटं स्वतः ठरवता येतील असं यंत्र घ्यावं. ही एक सोय पंधरा तयार प्रोग्रॅमपेक्षा मोलाची आहे. वीज गेली तर यंत्र किती मिनिटं आपली जागा लक्षात ठेवतं, तेही विचारावं. अनेक यंत्रं दहा-पंधरा मिनिटं तग धरतात, काही अजिबात नाही. भारनियमनाच्या गावात हा तपशील पाव वाचवतो.

अमेरिकेतून मुलगा किंवा मुलगी यंत्र पाठवते, अशी घरं आता बरीच आहेत. तिथलं यंत्र १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं, तर ते जळेल. योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण तिथली ६० हर्ट्झची वीज आपल्याकडे ५० हर्ट्झचीच राहते, आणि काही मोटारी त्यामुळे साधारण एक षष्ठांश हळू फिरतात. भेट मनापासूनची असली तरी ती घेऊ नये असंच मी सांगेन. भांडं बिघडलं तर त्याचा सुटा भागही समुद्रापारच राहतो.

यावर पहिला आक्षेप असा, की मग हे यंत्रच कशाला? हाताने मळावं, ओटीजीत भाजावं. ज्याला वेळ आहे आणि हातात जोर आहे, त्याने जरूर तसं करावं. लादीपाव तर या यंत्रात भाजताच येत नाही, आणि गोव्यात दाराशी पाववाला पोदेर येत असेल त्या घराला यंत्राची गरजही नाही. पण ज्याची बोटं संधिवाताने आखडली आहेत, किंवा जो रात्री उशिरा घरी येतो, त्याच्यासाठी मळण्याचं काम यंत्राने उचलणं ही मोठी सोय आहे. यंत्रात मळून पाव ओटीजीत भाजणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांना तर मळणीच्या ताकदीशिवाय दुसरं काही पाहायचंच नाही. शिवाय घरच्या पावात काय पडलं ते ठाऊक असतं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने मे २०१६मध्ये बाजारातले ब्रेड-पावाचे ३८ नमुने तपासले. त्यांतल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. त्यानंतर ब्रोमेटवर देशात बंदी आली. ही काळजी ज्यांना आहे, ती माणसं घरी पाव करत राहणार. मात्र गेल्या वर्षभरात यंत्र चार-पाच वेळाच काढलं असेल, तर नवं घेऊच नये.

दुसरा आक्षेप पैशाचा. स्वस्तातलं घ्यावं, बिघडलं की दुसरं. समजा आठवड्याला दोन पाव, म्हणजे वर्षाला साधारण शंभर. नऊ हजारांचं यंत्र तीन वर्षांत भांडं गळू लागल्याने टाकलं, तर दर पावामागे यंत्राचा खर्च तीस रुपये पडला. अठरा हजारांचं यंत्र मधे एकदा तीन हजारांचं भांडं बदलून नऊ वर्षं चाललं, तर तोच खर्च सव्वातेवीस रुपयांच्या आसपास येतो. आकडे धरलेले आहेत, घराघरांत बदलतील, पण हिशेबाची रीत हीच. महाग यंत्र आपोआप टिकतं असं मात्र नाही. सुटं भांडं मिळत नसेल, तर अठरा हजारांचं यंत्रही तीन वर्षांतच भंगारात जाईल. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, ते चांगलंच झालं, पण घेण्याआधी विचारलेला प्रश्न अजूनही सर्वांत उपयोगी आहे.

म्हणून मागणी नोंदवण्याआधी विक्रेत्याला किंवा सर्व्हिस सेंटरला एकच गोष्ट लेखी विचारा: या मॉडेलचं भांडं, पातं आणि पट्टा सुटे मिळतात का, आणि आजची त्यांची किंमत काय? उत्तर आलं नाही, तर ते यंत्र घेऊ नका.