सावलीतली अबोली

नगर जिल्ह्याचे (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर) पावसाच्या बाबतीत दोन तुकडे पडतात. पश्चिमेला अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीकडे, पाऊस थांबता थांबत नाही. तिथून निघालेले ढग पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे येईपर्यंत पार रिते झालेले असतात. बँकेच्या नोकरीत या पूर्वेकडच्या गावांमधून विहिरींची कर्जप्रकरणे पुष्कळ हाताळली. कुणाच्या घरी गेलो की चहाआधी प्रश्न ठरलेला, ‘पाणी लागलं का?’ अशा मुलखात फुलझाडांची हौस म्हणजे चैनच वाटायची.

हौस मात्र जुनी आहे. निजामशाहीत खापरी नळांनी आसपासच्या गावांतले पाणी नगर शहरात खेळवले होते. १५८३च्या सुमारास पुरा झालेला फराहबागेचा महाल तर तळ्याच्या मधोमध उभा होता. महाल अजून आहे, तळे कोरडे. पाणी दुरून आणून बाग फुलवायची, ही सुलतानी रीत. आज बंगल्यापुढे बोअरच्या पाण्यावर हिरवळ राखणारे आपण वेगळे काय करतो? खापराच्या जागी पीव्हीसी आले, इतकेच.

माझी पत्नी वेंगुर्ल्याकडची. तिकडे अबोली माडांच्या सावलीत, कुणी लक्ष न देताही फुलते. मोगरा संध्याकाळी माळला की सकाळी काळवंडतो. अबोलीचा वळेसर दोन-तीन दिवस ताजा राहतो. वास नाही, ही तिची एकच उणीव, आणि ती नावातच कबूल केलेली. नगरला अबोली जगणार नाही, वाळून कोळ होईल, असे सगळ्यांनी सांगितले. मीही त्यांत होतो.

पत्नीने जागा निवडली ती घराच्या पूर्वेची, कडुनिंबापासून थोडी हटून. दहापर्यंत कोवळे ऊन, मग दिवसभर झिरपती सावली. अबोली मूळची दक्षिण भारत आणि श्रीलंकेची, अडुळसा-कोरांटीच्या कुळातली. पाने बारमाही हिरवी राहतात, पण एप्रिलमधले दुपारचे ऊन त्यांना सोसत नाही. उलट गर्द अंधाऱ्या कोपऱ्यात पाने माजतात, तुरे येत नाहीत. आमची जमीन मुरमाड. तिचा एक फायदा असा की पाणी साचत नाही, आणि साचलेल्या पाण्यात अबोलीची मुळे कुजतात. खड्ड्यात शेणखत भरपूर घातले.

कोरड्या मुलखातल्या सावलीची खरी अडचण वेगळीच असते. उन्हापासून जे झाड वाचवते, तेच मुळांनी पाणी आधी पिऊन घेते. वरून घातलेली बादली कडुनिंबाच्याच खात्यावर जमा! म्हणून चार अबोलींमध्ये एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरले. बुडाला बारीक भोक, भोकात कापडाची वात, तोंडावर झाकण. पाच लिटरचे मडके आठवड्यातून दोनदा भरायचे. भोवती कडुनिंबाचाच पाला चार बोटे अंथरलेला. मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींचा अबोलीला फार त्रास. त्यावर उतारा म्हणून कडेने झेंडू. फुले सरलेला तुरा लगेच खुडला की नवे फुटवे येतात.

२०१९च्या उन्हाळ्यात जिल्हाभर चारा छावण्या होत्या, टँकर फिरत होते. शेजारच्या आजी पाथर्डीकडच्या. त्यांचा थोरला मुलगा गुरे घेऊन छावणीत राहत होता. एका सकाळी त्या कुंपणापाशी थांबल्या. ‘जनावराला पाणी मिळंना, आन् तू फुलांना घालतीस व्हय गं?’

पत्नीने हातातली बादली पुढे केली. तांदूळ आणि भाजी धुतलेले गढूळ पाणी. ‘आजी, हे मोरीतच जायचं होतं.’

आजींनी वाकून पाहिले आणि काही न बोलता गेल्या. नवरात्रात मात्र मोहटादेवीला न्यायला अबोलीचा गजरा मागायला आल्या.

त्यांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. धुण्याचे पाणी म्हणून माफ, इतके ते सोपे नाही. त्या वर्षी असेही पाणी गाईपुढे ठेवणारी घरे होती. आमच्याकडे गाय नव्हती, एवढीच आमची बाजू. याच जिल्ह्यातले हिवरे बाजार दरवर्षी आधी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मग पिके ठरवते. ऊस नको, केळी नको, शेतीसाठी बोअर नको. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे लगेच पटते. जमा पाहून खर्च. हिरवळ त्या हिशेबात बसत नाही. चार अबोली बसतात, त्याही जेमतेम, आणि ज्या वर्षी बसणार नाहीत त्या वर्षी मडकी कोरडी ठेवायची हे आमच्या घरात ठरलेले आहे.

अबोलीच्या वाळलेल्या बोंडावर पाण्याचा थेंब पडला की ते तडकन फुटते आणि बी दूर उडते. जूनच्या पहिल्या सरीला कडुनिंबाखाली तो तडतडाट कान देऊन ऐकावा. गेल्या श्रावणात दोन रोपे कुंपण ओलांडून आजींच्या न्हाणीघराच्या पन्हळीजवळ उगवली. आजींनी त्यांच्याभोवती विटा लावल्या आहेत.