मूत्रपिंड : रक्ताची अखंड गाळणी

तथागतांनी देहाचे खरे स्वरूप ओळखण्यासाठी शरीराच्या भागांचे चिंतन करण्यास सांगितले. पाली साहित्यातील बत्तीस भागांच्या यादीत ‘वक्क’ हा शब्द येतो. वक्क म्हणजे मूत्रपिंड, आपल्या रोजच्या बोलण्यातली किडनी. हा अवयव काम कसे करतो, हे आपण विज्ञानाच्या आधारे समजून घेऊ.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांजवळ एकेक मूत्रपिंड असते. आकार राजम्याच्या दाण्यासारखा, लांबी सुमारे ११ सें.मी. आणि वजन साधारण १५० ग्रॅम. अवयव एवढासा; पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला एक लिटरहून अधिक रक्त, या दोन मूत्रपिंडांकडे येते.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ असतो. रक्त त्यात दाबाने शिरले की पाणी, मीठ, साखर, युरिया असे बारीक कण गाळून बाहेर पडतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने मात्र रक्तातच राहतात. अशा रीतीने दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. शरीरात रक्त असते सुमारे ५ लिटर. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा गाळले जाते.

मग आपल्याला १८० लिटर लघवी का होत नाही? कारण गाळलेला द्रव पुढे एका लांब नळीतून जातो. तेथे ९९ टक्के पाणी, जवळजवळ सर्व साखर आणि गरजेपुरते मीठ पुन्हा रक्तात घेतले जाते. उरते ती साधारण दीड लिटर लघवी. घर झाडताना आपण सामान अंगणात काढतो आणि हवे तेवढेच परत आत घेतो, तशीच ही रीत आहे. याशिवाय रक्तदाब सांभाळणे आणि लाल रक्तपेशी तयार करण्याचा संदेश देणे, हीही कामे मूत्रपिंडेच करतात.

या नाजूक गाळणीचे दोन मोठे शत्रू म्हणजे मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब. मधुमेहाने पूज्य बाबासाहेबांची प्रकृती किती खालावली होती, हे आपण जाणतोच. मूत्रपिंड बिघडू लागले तरी सुरुवातीला दुखत नाही. पायांवर सूज, धाप, मळमळ दिसू लागते, तोवर बरेच नुकसान झालेले असते. पुढे डायलिसिसची पाळी आली, तर आठवड्यातून दोन-तीनदा प्रत्येकी सुमारे चार तास यंत्राला जोडून राहावे लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाचे त्यात काय होते, ते आपल्या वस्त्यांनी पाहिले आहे.

म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. या तपासण्या साध्या आहेत. अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता रोज घेऊ नयेत. सूज आली म्हणून गंडे-दोरे बांधण्यात दिवस घालवू नयेत. धम्मदीक्षेने आपण ती वाट कायमची सोडली आहे. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या आई-वडिलांची तपासणी शेवटची कधी झाली, हे आज घरी गेल्यावर अवश्य विचारा.

जयभीम!