एचआयव्हीचे निदान उशिरा का होते?

वरंध घाटाच्या पायथ्यापासून पोलादपूरपर्यंतच्या खेड्यांत मुंबईशी नाते नसलेले घर विरळाच. कमाई मुंबईत आणि आजारपण गावी, ही येथील जुनी रीत. त्यामुळे उपचारही विखुरतात. नागिणीचे औषध मुंबईच्या दवाखान्यात, जुलाबाचे महाडला. प्रत्येक डॉक्टर आपल्यासमोरचे दुखणे बरे करतो. सारे केसपेपर एका टेबलावर कधीच येत नाहीत. अखेर वजन घटून रुग्ण अंथरुणाला खिळला की एचआयव्हीची चाचणी होते.

लागण झाल्यावर अनेकदा आठ-दहा वर्षे ठळक लक्षणे दिसत नाहीत. मात्र रोगप्रतिकारक सीडी-४ पेशी घटत असतात. निरोगी माणसाच्या रक्तात त्या प्रति घनमिलिमीटर साधारण ५०० ते १५०० असतात. निदानावेळी हे प्रमाण ३५०च्या खाली असल्यास निदान उशिरा झाले असे मानतात. २००च्या खाली आजार बळावलेला असतो. नागीण, तोंडातील पांढरी बुरशी, महिनाभर न थांबणारे जुलाब, क्षय हे वाटेतले इशारे होत. नागीण झालेल्या प्रत्येकाला एचआयव्ही नसतो. पण चाचणी सुचवायला हे कारण पुरेसे आहे.

ब्रिटनमध्ये अशा उशिरा झालेल्या निदानांची मागे जाऊन तपासणी करण्याची शिफारस आहे. रुग्ण यापूर्वी कोठे, कोणती तक्रार घेऊन आला आणि चाचणी का सुचली नाही, हे पाहायचे. दोषी शोधणे हा हेतू नव्हे. आपल्याकडेही मातामृत्यूंचा आढावा याच धर्तीवर घेतला जातो; येथे तर रुग्ण हयात असतानाच शिकता येते.

अडचण गोपनीयतेची. १० सप्टेंबर २०१८पासून लागू झालेल्या कायद्याने चाचणीसाठी संमती आणि माहितीची गुप्तता बंधनकारक केली. लहान गावात नाव गाळूनही भागत नाही; वाडी आणि वय सांगितले तरी माणूस ओळखू येतो.

१ एप्रिल २००४ रोजी मोफत औषधोपचार सुरू झाले, तेव्हा मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होते. त्या काळी उपचारासाठी सीडी-४ बरेच खाली येण्याची वाट पाहिली जाई. २०१७पासून निदान होताच उपचार देण्याचे धोरण आहे. म्हणजे आता विलंब औषधाचा नाही, चाचणीचा आहे. आणि पन्नाशीच्या संसारी गृहस्थाला ती सुचवताना डॉक्टरच अधिक संकोचतात. शासकीय केंद्रांत चाचणी मोफत होते. माहिती १०९७ या निःशुल्क क्रमांकावर मिळते.