दुखणे अंगावर काढू नका

मुलांनो, शेतात राबणारी स्त्री आजारी पडली, तरी लगेच दवाखान्यात जात नाही. खुरपणी किंवा कापूस वेचणी चालू असते. दवाखाना दूर असतो. तिथे गेले की दिवसाची मजुरी बुडते. म्हणून ती दुखणे अंगावर काढते आणि साधा आजारही बळावतो.

यावर डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने एक उपाय शोधला. १९७० साली त्यांनी जामखेड येथे काम सुरू केले. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. त्यांनी खेड्यांतल्याच स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही त्या बाळंतपणाची काळजी, मुलांचा आहार, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, या गोष्टी घरोघर समजावू लागल्या. डॉक्टरांसमोर लाजणाऱ्या स्त्रिया आपल्या शेजारणीजवळ मोकळेपणाने बोलत.

२००५ साली देशात आशा योजना सुरू झाली. तुमच्या गावातही आशाताई असतील. तुमच्या अम्मीला किंवा खालाला सतत थकवा येतो का? चक्कर येते का? मग आशाताईंना सांगा. रक्त तपासण्यासाठी अम्मीसोबत तुम्हीही जा.